कोंबडा झालेले गुरुजी

गुरुजींचे गुडघे वाजायचे. उजवा नुसता ‘कट्’ करायचा, डावा मात्र गंजलेल्या बिजागरीसारखा लांब सूर काढायचा. शाळेच्या भिंतीला लागूनच माझी खिचडीची शेड. वर्गात त्यांनी उठाबशा सुरू केल्या की चुलीपाशी बसल्या बसल्या, न बघता, मला मोजता यायच्या. कट्, कुंईऽऽ, एक. कट्, कुंईऽऽ, दोन.

बरोबर वाचलंत. उठाबशा गुरुजी काढायचे. पोट्टे मोजायचे.

नियम साधा होता. एखादी गोष्ट तीनदा समजावून सांगितली आणि तरी पोराला आली नाही, तर गुरुजी कमरेवर हात ठेवून वर्गाला विचारत, “चुकलं कोणाचं?”

पोट्टे टिनाचं छप्पर हलेल असे ओरडत, “गुरुजीऽऽचं!”

मग गुरुजी छत्री खिळ्याला अडकवत, चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि कान धरत. एका पोरासाठी पाच उठाबशा. अख्ख्या वर्गालाच आलं नाही, तर कोंबडा. खाली वाकायचं, पायांमधून हात घालून कान धरायचे आणि वर्गाचा पाढा म्हणून होईपर्यंत तसंच राहायचं. निवृत्तीला टेकलेला माणूस, पोट सुटलेलं, डोक्यावर चार केस. कोंबडा कसला, अंड्यावर बसलेली कोंबडीच म्हणा. पण नऊचा पाढा म्हणताना एका पोराची जीभ अडखळायची नाही. गुरुजींचा चेहरा जांभळा होत चालला की पोट्टे आपोआप भराभरा म्हणत.

माझी नात त्याच वर्गात, तिसरीत. महाचहाटळ. तिला कळलं होतं की आपण चुकलो की गंमत बघायला मिळते. एकदा तिनं सात आठे विचारल्यावर खुशाल “बहात्तर” सांगितलं. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“मॅडम,” म्हणाले, “तुमाले येते. तुमी मले बसवून राह्यल्या.”

“नाई गुरुजी.”

“मुद्दाम चुकणाऱ्यासाठी गुरुजी बसत नाई. बोला, सात आठे?”

“छप्पन.”

“हं. या मॅडमच्या नावानं आज मी खुर्चीत बसतो.” आणि खरंच अर्धा तास पाय पसरून खुर्चीत बसले. तिला ती शिक्षा चांगलीच लागली. घरी येऊन जेवली नाही.

पोरांना ते साहेब आणि मॅडम म्हणत. पहिलीतल्या एवढ्याशा पोरालाही, “या साहेब, शेंबूड पुसा, मंग बसा.” बैलालाही अहो-जाहो करत. एकदा रस्त्यात आडवा बसलेल्या बैलाला “जरा सरकता का?” असं विचारून दहा मिनिटं उत्तराची वाट बघत उभे राहिले होते. छत्री बाराही महिने काखेत. नकाशा दाखवायला छत्री, तलावाकडे पळणाऱ्या पोराची कॉलर धरायला छत्री, बसमध्ये जागा धरायला छत्री. पावसात मात्र उघडत नसत. भिजते म्हणे. हिवाळ्यात वडशाकडे नाटक बघायला गेले की दुसऱ्या दिवशी पहिला तास नाटकाचाच. नायक मेल्यावर त्याचं पोट कसं हलत होतं ते स्वतः फरशीवर मरून दाखवत. वर डोळा उघडून विचारत, “हालते का?” पोट्टे पोटाला कान लावून बघत.

माझ्या खिचडीला तर त्यांनी कधी चांगलं म्हटलंच नाही. पोरांच्या ओळीत मांडी घालून बसत, पहिला घास घेत, छताकडे बघत आणि म्हणत, “बाई, मीठ आज सुट्टीवर गेलं का?”

“काल जास्त झालं म्हणत होते तुमी.”

“काल ओव्हरटाइम करत होतं.”

मी म्हणायची, उद्यापासून तुमीच टाका. दुसऱ्या दिवशी खरंच येऊन टाकलं. त्या दिवशीची खिचडी कुत्र्यानंही खाल्ली नाही. गुरुजींनी मात्र आख्खी थाळी खाल्ली, वर पाच उठाबशा काढल्या, आणि त्यानंतर महिनाभर मिठाचं नाव घेतलं नाही.

एवढं सगळं सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मोठा देवमाणूस. थांबा. आता जे सांगते ते आमच्या गावात फार लोकांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत होतं त्यातले निम्मे आता नाहीत.

गुरुजी आमच्या गावात दोनदा आले. पहिल्यांदा आले तेव्हा नवी नोकरी, काळेभोर केस, आणि छत्रीच्या जागी बांबूची छडी. तेव्हा त्यांना बघून पोरं झाडावर चढायची. आम्ही तलावातले मासे धरणारे लोक. आमच्या पोरांवर त्यांचा जास्तच राग. म्हणायचे, याहिचं चित्त पाण्यात राह्यते. माझा मोठा तेव्हा चौथीत होता. तेराच्या पाढ्यात तेर सत्तेला अडकला. एकदा अडकला, दोनदा अडकला. तिसऱ्यांदा गुरुजींनी छडी ठेवली आणि हातानं दिली. डाव्या कानावर.

घरी आला तेव्हा कानातून रक्त आलेलं होतं. मग पू. सिंदेवाहीला दवाखान्यात नेलं, थेंब दिले, पू थांबला. ऐकू येणंही थांबलं.

आणि आम्ही काय केलं माहीत आहे? आमच्या ह्यांनी पहाटे तलावात जाऊन दोन मोठ्या मरळ धरल्या, धुतलेल्या पंचात गुंडाळल्या आणि गुरुजींच्या खोलीवर नेऊन दिल्या. म्हणाले, “गुरुजी, पोट्टा ठोंब्या हाय. तुमाले तरास झाला.” कानाचं बोललेच नाहीत. तशीच रीत होती. मास्तरानं मारलं तर चूक पोराची, आणि मास्तराचा हात दुखला असेल तर त्याची भरपाई घरानं करायची. गुरुजींनी मासे घेतले. खाल्ले. पोरगा त्यानंतर शाळेत गेला नाही. गुरुजींना वाटलं, मासेवाल्याचा पोरगा, गेला पाण्याकडे. त्याच उन्हाळ्यात त्यांची बदली जिवतीकडे झाली.

मग मधे कितीतरी वर्षं. हे गेले. मोठ्याचं लग्न झालं, त्याला पोरगी झाली, मला शाळेत खिचडीचं काम मिळालं. आणि सात वर्षांमागं गुरुजी पुन्हा आमच्याच शाळेवर आले. टक्कल पडलेलं, छडी गेलेली, छत्री आलेली. पण तेव्हा उठाबशा नव्हत्या हो. छडीचे दिवस सरकारनं संपवले म्हणून नुसते खेकसायचे.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते तलावावर मासे घ्यायला आले. माझा मोठा पाण्याकडे तोंड करून जाळं सोडवत बसलेला. त्याच्या डाव्या बाजूनं येऊन गुरुजींनी हाक मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मोठ्यानं. मी थोडी पलीकडे टोपली धूत होते. मी म्हटलं, “त्या बाजूनं ऐकू येत नाई त्याले गुरुजी. तुमालेच माहीत असन.”

मी ते टोचायला म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं जिभेखाली धरून ठेवलं होतं.

त्यांना माहीत नव्हतं. माझ्याकडे पाहिलं, त्याच्या कानाकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. आणि छत्री उघडली. ना ऊन, ना पाऊस, डोक्यावर चांगलं आभाळ भरून आलेलं, आणि हा माणूस तलावाच्या पाळीवर छत्री उघडून उभा. किती वेळ कोणास ठाऊक. मासे न घेताच गेले.

सोमवारी वर्गातून पहिल्यांदा ‘कट्, कुंईऽऽ’ ऐकू आलं. आणि त्या दिवसापासून त्यांनी मासे सोडले. गाव म्हणायचं, गुरुजी म्हातारपणी माळकरी झाले. मी काही बोलले नाही. त्यांनीही मला कधी काही म्हटलं नाही. मीठ सोडून आमचं बोलणं नाही.

माफ केलं का, असं माझी सून मला विचारायची. मी म्हणायची, त्यांच्या उठाबशांनी माझ्या पोराचा कान उगवला तर सांगते.

तर अशात एक दिवस शाळेसमोर गाडी उभी राहिली. जिल्ह्याचे नवे साहेब, कोवळेच, नुकते रुजू झालेले. सोबत तिघे-चौघे. न सांगता आले. मी झारा हातात घेऊनच वर्गाकडे पळाले, पण उशीर झाला होता. नेमका त्या दिवशी बाकी उरणारा भागाकार कोणालाच आला नव्हता, आणि गुरुजी कोंबडा होऊन, दाराकडे पाठ म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, ती करून उभे होते. वर्ग आठचा पाढा म्हणत होता.

साहेब दारात थबकले. पोट्टे गप्प झाले. गुरुजींना काय दिसणार, पायांमधून बूट दिसले असतील.

“काऊन थांबले? म्हणा, आठ पाचा.”

“हे काय चाललंय?” साहेब म्हणाले.

“कोण?”

“मी साहेब आहे.”

गुरुजी खालूनच म्हणाले, “कोणते? पहिलीतले का चौथीतले?”

साहेबांच्या मागून कोणीतरी खुसकन हसलं. साहेबांनी आपलं पद सांगितलं. लांबलचक होतं, सांगायला वेळ लागला. गुरुजींनी ते सगळं कान धरून ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बसा साहेब. आठ पाचा झाले की उरले पाचच.” आणि पोरांनी घाबरत घाबरत पाढा पुरा केला तेव्हाच उठले. कट्, कुंईऽऽ.

साहेबांच्या ड्रायव्हरनं मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर. मी सिंदेवाहीच्या बाजारात मिरच्या घ्यायला गेले तर मिरचीवाली म्हणते, “तुमच्याच गावचे का वो ते कोंबडा गुरुजी?”

नोटीस आली. गुरुजी ती घेऊन माझ्या शेडमध्ये आले, चुलीसमोरच्या पाटावर बसले आणि कागद माझ्यापुढे धरला. “वाचा बाई.”

मी म्हटलं, “मले कुठी येते?”

“येते. वाचा.”

आता हे कसं, ते सांगायला पाहिजे. मी शाळेत एक दिवस गेलेली नाही. पण माझ्या शेडची खिडकी वर्गात उघडते. तांदूळ निवडता निवडता फळा दिसायचा. गुरुजी अक्षर काढायचे, मी तांदळात बोटानं काढायची. दोन-तीन वर्षांत तांदळाच्या पोत्यावरचं, तेलाच्या डब्यावरचं, बसवरचं, सगळं वाचता यायला लागलं. कोणाला सांगितलं नव्हतं. या वयात कौतुक करून घ्यायची लाज वाटते.

वाचलं. पहिला मुद्दा: आपण विद्यार्थ्यांसमक्ष कोंबड्याच्या अवस्थेत आढळून आलात. दुसरा: वरिष्ठ अधिकारी समोर उपस्थित असतानाही आपण सदर अवस्था सोडली नाही. सदर अवस्था! मला हसू आवरेना. तिसरा: वर्गातील फळा खिडकीच्या दिशेनं तिरका असून मागच्या विद्यार्थ्यांना दिसण्यास अडचण…

तिथं माझं वाचणं थांबलं.

मला सात वर्षं वाटत होतं, गबाळा माणूस आहे, फळाही धड लावता येत नाही.

“पुढं वाचा,” गुरुजी म्हणाले. “सही कोणाची हाय?”

त्यांनी दिलेला खुलासाही मी पाहिला. एवढाच होता: मुद्दा एक, होय. मुद्दा दोन, पाढा अर्धा होता. मुद्दा तीन, फळा तसाच बरा आहे.

असा खुलासा दिल्यावर काय होणार? चौकशी समिती नेमली. निवृत्तीला अकरा महिने उरलेले, आणि निलंबन झालं असतं तर सगळी नोकरी त्या एका शब्दानं संपली असती. तिकडे त्यांच्या मंडळींनी सिंदेवाहीहून फोनवर रडारड केली. गावानं बैठक घेतली आणि ठरवलं की समितीला जेवायला मरळ करायची. साहेब लोक खूश होतात. मासे आणायचं काम माझ्या मोठ्याकडे. मी म्हटलं, मासे देऊन एकदा पाह्यलं आमी. कोणाला कळलं नाही. मोठा मात्र माझ्याकडे बघत राहिला.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी पोरं पांगल्यावर गुरुजी खिडकीत आले.

“बाई, उद्या तुमाले बी विचारतील.”

“काय सांगू?”

“सगळं सांगा. जुनं बी.”

“अन् मंग तुमचं?”

“माह्ये गुडघे तसे बी गेलेच हायेत.”

मला असा राग आला म्हणून सांगू! सात वर्षं स्वतःच कान धरून मोकळा होणारा माणूस, आणि निकाल कोणी द्यायचा तर मी! खरं सांगितलं तर म्हातारपणी एका माणसाला घरी बसवलं. नाही सांगितलं तर पुन्हा मासे नेऊन दिल्यासारखंच. मी झाकण आपटलं आणि म्हटलं, “जा, मले भांडे घासायचे हायेत.” भांडी घासून पालथी टाकली होती. त्यांनाही ती दिसत होती. गेले बिचारे.

दुसऱ्या दिवशी तिघे आले. तेच कोवळे साहेब, एक मॅडम, आणि टाइप करणारे बाबू. वर्गातच टेबल मांडलं. गुरुजींना बाजूला पोरांच्या बाकावर बसवलं, गुडघे हनुवटीला लागलेले. पोट्ट्यांना बाहेर काढलं, म्हणजे ते सगळे खिडकीत.

आधी माझ्या नातीला बोलावलं.

“गुरुजींना कोंबडा व्हायला कोणी सांगितलं?”

“आमी.”

“तुम्ही? शिक्षकाला शिक्षा तुम्ही दिली?”

“हो.”

“का?”

“त्याहिचं चुकलं होतं.”

“काय चुकलं?”

“आमाले भागाकार नाई आला.”

बाबूचा हात थांबला. “साहेब, शिक्षा केल्याबद्दल कारवाई शिक्षकावर होते. ही शिक्षकाला केली. कोणत्या रकान्यात टाकू?” साहेबांनी पाणी मागवलं.

मग मी. बाबूनं छापील कागदावरचे प्रश्न एकेक करून वाचले. खिचडी वेळेवर होते का. गुरुजी वेळेवर येतात का. आणि मग, जसा विचारला जातो तसाच, मान खाली घालून: “सदर शिक्षकानं वर्गात कधी विद्यार्थ्यास मारहाण केली आहे काय? असल्यास तपशील.”

खिडकीत पोरं. बाकावर गुरुजी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फळ्याकडे बघत बसले. पोराला उत्तर आठवत असताना ते असेच दुसरीकडे बघायचे. घाई करायचे नाहीत.

“हो,” मी म्हटलं.

गुरुजींनी मान हलवली. बरोबर उत्तर आल्यावर हलवायचे तशीच.

मी सांगितलं. तेर सत्ते, हात, कान, थेंब. बाबू टाइप करायचं विसरले.

“तुम्ही तक्रार केली होती?” मॅडमनी विचारलं.

“नाई. मासे नेऊन दिले.”

“कोणाला?”

“गुरुजीले.”

“का?”

“त्याहिचा हात दुखला असन म्हणून.”

तेवढ्यात दारात माझा मोठा. गावाच्या ठरावाप्रमाणे दोरीत ओवलेल्या दोन मरळ घेऊन. आता चाळिशी ओलांडलेला गडी, पायाला चिखल, मासे अजून वळवळताहेत. साहेबांनी दचकून विचारलं, “हे काय आहे?” तो गप्प. साहेब त्याच्या डावीकडे. त्यांनी आवाज चढवला, “अहो, मी विचारतोय, हे काय आहे?” तो समोर भिंतीकडे बघतोय.

“साहेब,” गुरुजी बाकावरून म्हणाले, “उजवीकडून बोला.”

नुसत्या मरळींच्या शेपट्या फडफडत होत्या. गुरुजीच पुढं म्हणाले, “त्या बाजूनं ऐकू येत नाई त्याले. माह्या हातानं गेला तो कान.”

साहेब वयानं लहान होते, पण एक मानलं पाहिजे. उठले, टेबलाला वळसा घालून उजव्या बाजूला आले आणि हळू आवाजात म्हणाले, “तुमची या गुरुजींबद्दल काही तक्रार आहे?”

माझ्या मोठ्यानं विचार केला. तो कोणत्याही गोष्टीचा विचार करतो, जाळं टाकायचा सुद्धा.

“हाय,” म्हणाला.

आदल्या दिवशी खरं सांगू का नको म्हणून मी झाकण आपटलं, आणि आता तो सांगणार म्हटल्यावर मीच त्याला डोळ्यांनी नको-नको म्हणत होते.

“हे आमच्या इथचे मासे खात नाई. सात साल झाले. वर्गात रोज कान धरतात, लेकरायसमोर. माह्यापाशी एक रोज आले नाई.”

गुरुजी उभे राहायला गेले. बाक छोटा, अडकले. अडकलेलेच म्हणाले, “साहेब, हे लिहून घ्या.”

साहेब जागेवर जाऊन बसले. कागद वर केले, खाली केले. “गुरुजी, हा मुद्दा नोटिशीत नाही. इतक्या वर्षांपूर्वीचं, तक्रार नाही, कागद नाही. चौकशी आहे ती कोंबड्याची.”

“मंग कोंबडा वगळा,” गुरुजी म्हणाले, “अन् हे लिहा.”

“तसं करता येत नाही.”

बाबूनं विचारलं, “बाईंच्या जबाबातलं तेवढं वगळू का साहेब?”

मॅडम खिडकीकडे बघत होत्या. “वगळा,” साहेब शेवटी म्हणाले.

त्यांनी वगळलं म्हणून मी इथं लिहिलं. कुठंतरी असावं.

आणि मरळ? साहेबांनी हात लावला नाही. नियमात बसत नाही म्हणे. खिचडी खाऊन गेले. मीठ बरोबर झालं होतं.

महिन्यानं आदेश आला. शिक्षकाच्या पदाला न शोभणारं वर्तन केल्याबद्दल सक्त ताकीद, एक वेतनवाढ बंद, उरलेल्या महिन्यांसाठी दुसऱ्या शाळेवर बदली. शेवटी एक ओळ: फळा सरळ करण्यात यावा. पोराचा कान फोडल्याबद्दल काही नाही, पोरांसमोर वाकल्याबद्दल एवढं सगळं. मी तो आदेश दोनदा वाचला. वाटलं, मलाच अजून नीट वाचता येत नसेल.

जायच्या दिवशी गुरुजींनी हातोडी मागून आणली आणि फळा स्वतः सरळ केला. आता माझ्या खिडकीतून नुसती त्याची कड दिसते. मी म्हटलं, “राहू द्या ना, नवे गुरुजी करतील.” तर म्हणे, “आदेश हाय बाई. एक तरी पाळू द्या.”

छत्री काखेत मारून निघाले तेव्हा माझा मोठा फाटकापाशी उभा. उजवा कान त्यांच्याकडे करून. म्हणाला, “घरी चाला. जेवून जा.”

गुरुजी आमच्या अंगणात पहिल्यांदाच आले. खाली बसताना कट्, कुंईऽऽ. माझी नात सवयीनं म्हणाली, “एक!” सुनेनं तिला चापट दिली. माझ्या मोठ्यानं त्यांना स्वतःच्या उजव्या हाताला बसवलं. ताटात भात आणि मरळीचा रस्सा. गुरुजी ताटाकडे बघत राहिले. मग काटे काढायला सुरुवात केली, आणि एक-एक काटा असा निवांत काढत बसले की रस्सा गार झाला.

पहिला घास तोंडात गेला. छताकडे बघायची सवय, पण वर आमचा मांडव, वाळलेली पानं. तिकडेच बघत, नाक ओढत म्हणाले, “बाई, मीठ सुट्टीवर गेलं का?”

मी तोंड उघडलं, पण माझा मोठाच बोलला.

“मीठ बरोबर हाय गुरुजी,” तो म्हणाला. “चुकलं तुमचं.” आणि आपल्या ताटातला मधला तुकडा उचलून त्यांच्या ताटात वाढला.